सात गोटे आणि विभाग चौदा

या सदरातले अनुभव आमच्या घरी रविवारी मोठ्याने वाचले जातात. वाचते बायको, आणि मध्ये मध्ये तोंड घालतो मी. "टॉर्चचे सेल आधी तपासायला काय झालं होतं?", "हाक ऐकू आली तर ओ द्यायचीच कशाला?" वगैरे. परवा ती वैतागली. म्हणाली, "मग तुमचा तो विहिरीजवळचा लिहून पाठवा की. त्यावर लोक काय म्हणतात ते मलाही ऐकू दे." आता बोलती बंद झाली म्हणून लिहितोय.

भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हा नव्हता, आजही नाही. सबंध नोकरी कॉम्प्युटरवर गेली. चूक सापडली नाही की ती नाहीच असं आम्ही म्हणत नाही — आपण नीट शोधली नाही असं म्हणतो. ही चूक मी पन्नास-पंचावन्न वर्षं शोधतोय.

साल सदुसष्ट. मी मुंबईत एका संस्थेत लागून सात-आठ महिने झाले होते. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण नाही. तिथे एक अख्खी खोली भरेल एवढं मशीन होतं, आणि ते वापरायला शिकणाऱ्यांसाठी आमच्या साहेबांनी फोरट्रान भाषेचं एक मॅन्युअल लिहिलं होतं. टाइप केलेली शंभरेक पानं. सगळं तयार असताना साहेबांना सुरुवातीला तीन नवे विभाग घालावेसे वाटले. झालं... पुढच्या सगळ्या विभागांचे आकडे तीनने सरकले. पण मजकुरात जागोजागी "विभाग अमुक पाहा" असं लिहिलेलं, ते जुनंच राहिलं. ते सगळं हुडकून बरोबर करायचं काम सर्वांत नव्या माणसाकडे, म्हणजे माझ्याकडे आलं.

निम्मे संदर्भ एकाच प्रकरणात होते. तेच ते काम मशीनकडून पुन्हा पुन्हा कसं करून घ्यायचं, किती वेळा झालं हे मोजायचं कसं, आणि त्यातून बाहेर कसं पडायचं... ज्याला आम्ही लूप म्हणतो. सोमवारी सकाळी दहाला टायपिस्ट प्रती काढण्यासाठी सायक्लोस्टाइलच्या स्टेन्सिल कापायला बसणार होते. साहेब शांतपणे म्हणाले होते, "दहाला पानं माझ्या टेबलावर नसतील, तर जुनीच जातील. मग तुमच्या कायम होण्याच्या कागदावर मी काय लिहायचं ते तुम्हीच सांगा."

आणि त्याच आठवड्यात घरून तार आली. नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका आला होता.

आमचं गाव तापीकाठी, प्रकाशा गावाच्या अलीकडे, नंदुरबारच्या बाजूला. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता, आम्ही धुळे जिल्ह्यात. पानांचं बाड पिशवीत घालूनच मी घर गाठलं. आई मी लहान असतानाच गेलेली. घरात नाना आणि फुई — नानांची थोरली बहीण, विधवा, तिनेच मला वाढवलं. नानांची उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती. पण डावा हात जोरात होता. मी खाटेजवळ बसलो की त्या हाताने माझं मनगट धरायचे आणि सोडायचे नाहीत. काही सांगायचंय का, पाणी हवंय का, काहीच कळायचं नाही. मी उजव्या हातात तांबडी पेन्सिल धरून पानं तपासायचो आणि डावा हात नानांकडे. असे चार दिवस गेले.

पद्धत माझी सोपी होती. "विभाग अमुक पाहा" दिसलं की आकड्यात तीन मिळवायचे, त्या आकड्याचा विभाग उघडायचा, तो त्याच विषयावर आहे ना बघायचं, आणि बरोबरची खूण करायची. एकूण अठ्ठ्याहत्तर खुणा झाल्या. मी स्वतःवर खूश होतो.

रविवारी निघायला हवं होतं. एकची एसटी, नंदुरबारहून संध्याकाळची गाडी, सुरतेला बदलून पहाटे मुंबई. ती एसटी चुकली की सोमवारचे दहा चुकले. फुई म्हणाली, "नानाले सांगीसन जाय." मी मान डोलावली. आत गेलो तर नाना डोळे मिटून पडलेले. उठवलं असतं तर त्यांनी मनगट धरलं असतं... आणि मग मला एकेक बोट सोडवून निघावं लागलं असतं. ते मला जमणार नव्हतं. मी पाय न वाजवता बाहेर आलो, चपला हातात घेतल्या आणि ओसरी उतरून मगच घातल्या. पंचवीस वर्षांचा घोडा, चोरासारखा स्वतःच्या घरातून निघालो.

आता वाट नीट सांगतो, कारण सगळं तिथेच झालं. घरापासून एसटीच्या थांब्यापर्यंत शेतातून आडवाट होती, पंचवीस मिनिटांची. निम्म्यावर आमची विहीर. विहिरीनंतर उजव्या हाताला आमची केळी, पुढे एक वाकडी बाभूळ, मग कोरडा नाला. नाला उतरून चढलं की समोर डांबरी रस्ता. शाळेला जायची माझी ही रोजची वाट. पौषातलं लख्ख ऊन पडलेलं, धुकं नाही, धूळ नाही, दिवस डोक्यावर.

विहिरीवर मोट चालू होती. त्या वर्षी आजूबाजूला डिझेल इंजिनं आली होती, पण नानांचा मोटेवर जीव. मोट हाकत होता बुधा. आमचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर कामाला असलेला गडी. पण तीस वर्षं आमच्याकडेच, म्हणून मी त्याला बुधादादा म्हणायचो. त्याची मोजायची एक रीत होती. थारोळ्यापाशी, म्हणजे मोटेचं पाणी पडतं त्या दगडी कुंडापाशी, डाव्या बाजूला चाळीस गोटे मांडलेले. एक मोट रिकामी झाली की एक गोटा उजवीकडे टाकायचा. डावीकडचे संपले की केळीच्या शेवटच्या आळ्यापर्यंत पाणी पोचलं, बैल सोडायचे. आकडे त्याला येत नव्हते आणि लागतही नव्हते. मुंबईत साहेब लूप समजावत होते तेव्हा मला बुधादादाचे गोटेच आठवले होते.

मी विहिरीपाशी आलो तेव्हा उजवीकडे सात गोटे होते. मुद्दाम मोजले नाहीत, सवयीने नजर गेली. मोट नुकतीच वर आली होती, पाणी थारोळ्यात कोसळत होतं.

"निंघना का भाऊ?" बुधादादा म्हणाला. "नानाले सांगीसन निंघना ना?"

"हाव," मी म्हणालो आणि थांबलो नाही. घड्याळ पाहिलं, एकला वीस कमी. वेळ भरपूर होता.

केळी गेली, बाभूळ गेली. नाल्यात उतरलो, पलीकडे चढलो... आणि समोर रस्ता नव्हता. विहीर होती.

मला वाटलं, विचारांच्या नादात नाल्यातच वळलो असेन. चार रात्री झोप नव्हती. थारोळ्यात पाणी कोसळत होतं. उजवीकडे सात गोटे.

"निंघना का भाऊ? नानाले सांगीसन निंघना ना?"

तोच आवाज, तीच मान वळवणं. म्हातारा थट्टा करतोय असं वाटून मी जरा चिडूनच "हाव" म्हणालो. घड्याळात एकला वीस कमी. कानाला लावून पाहिलं, टिकटिक चालू होती.

या वेळी शुद्धीत चाललो. केळीच्या ओळी मोजल्या, बाभळीला हात लावला. काटा बोचला, रक्त आलं. नाल्यात उतरताना माझीच मघाची पावलं वाळूत दिसतात का पाहिलं. दिसत नव्हती. सरळ समोर बघत चढलो... विहीर. सात गोटे. "निंघना का भाऊ?"

आमच्याकडे याला चकवा म्हणतात. माणूस ओळखीच्या रानात फिरत राहतो आणि त्याच जागी येतो. पण तो सांज कलल्यावर, एकट्याला, गाव लांब असताना. भर दुपारी, समोर माणूस मोट हाकतोय आणि चकवा लागलाय, असं फुईनेही कधी सांगितलं नव्हतं. उपाय मात्र तिने सांगून ठेवला होता: पायातलं उलटसुलट घालायचं. लहानपणी मी त्यावर पोट धरून हसलो होतो. आता "हाव" म्हणून पुढे गेलो, केळीच्या आड झालो आणि डावी चप्पल उजव्या पायात, उजवी डाव्यात घातली. कुणी बघत नाही ना हेही पाहिलं. शिकलेला माणूस ना. तसाच फेंगडत नाला ओलांडला.

विहीर. सात गोटे. एकला वीस कमी.

तेव्हा मला भीती वाटली. आणि भीतीतही डोक्यात जे आलं ते मुंबईचंच... मोजणी पुढे सरकत नाहीये. काम होतंय, पण आकडा सातावरच आहे. असं झालं की मशीन कधीच थांबत नाही. कुणीतरी येऊन बटण दाबून बंद करेपर्यंत ते तेच करत राहतं.

आता पुढे जायची छाती होईना. मी थारोळ्याच्या कडेला बसलो. हातांना काहीतरी काम हवं म्हणून पिशवी उघडली आणि पानं काढली. लूपचंच प्रकरण वर आलं. विभाग चौदा. मजकूर होता: पुनरावृत्ती मध्येच सोडून बाहेर पडायचं असल्यास विभाग एकवीस पाहा. पुढे माझी तांबडी खूण. एकवीस उघडला. बाहेर पडण्याच्या रीतीसाठी विभाग चौदा पाहा. पुढे माझी तांबडी खूण.

चौदा म्हणे एकवीस पाहा, एकवीस म्हणे चौदा पाहा. आणि बाहेर पडायची रीत दोन्हीकडे नाही.

कसं झालं ते लगेच कळलं. एकविसातला चौदा हा जुना चौदा होता, त्याचा आता सतरा झालेला. पण नव्या क्रमातही एक चौदा होता, आणि तोही लूपवरच. विषय जुळतोय असं पाहून, हा आधीच कुणीतरी दुरुस्त केलाय असं समजून मी खूण करून मोकळा झालो होतो. दोन्ही खुणा आपापल्या जागी बरोबर दिसत होत्या. मी प्रत्येक संदर्भ गाठला होता, पण एकदाही त्याच्यामागून चालत शेवटपर्यंत गेलो नव्हतो.

मी चौदा खोडून सतरा लिहिले. विभाग सतरा उघडून वाचला. होती, बाहेर पडायची रीत तिथे होती.

"नानाले सांगीसन निंघना ना?" बुधादादाने विचारलं.

माझं लक्ष पानातच होतं. तोंडातून निघून गेलं, "नही सांगं."

बुधादादा म्हणाला, "मंग परत येशी तवय सांगजो." आणि गोटा गोट्यावर पडल्याचा आवाज आला. मी वर पाहिलं. उजवीकडे आठ होते.

मी पानं कशीबशी पिशवीत कोंबली आणि निघालो. केळी, बाभूळ, नाला. चढावर पोचलो तर समोर डांबरी रस्ता, आणि लांबवर एसटी येताना दिसत होती. घड्याळात एकला पाच कमी. म्हणजे बसायला आणि दुरुस्ती करायला तीन-चार मिनिटं, आणि पुढची दहा-अकरा मिनिटांची वाट, एवढाच वेळ घड्याळाच्या मते गेला होता. चढावर उभा असताना मी एकदा मागे वळलो. घराची बाजू केळीआड होती. मग पळत जाऊन गाडी धरली. चपला अजून उलट्याच होत्या, त्या नंदुरबार स्टेशनवर लक्षात आल्या.

सोमवारी दहाला पानं साहेबांच्या टेबलावर होती. त्यांनी चौदापासून बोट ठेवून संदर्भ लावत नेले, एकवीस, मग सतरा, आणि म्हणाले, "इथे बहुतेक जण फसतात." माझी नोकरी पक्की झाली ती तिथे. गुरुवारी, स्टेन्सिलवरची पहिली पानं ओली असताना, दुसरी तार आली. नाना गेले होते. मी पोचेपर्यंत अग्नीही दिला होता, चुलत्याने.

फुईने मला एका शब्दाने दोष दिला नाही. तेराव्याच्या आदल्या दिवशी, तांदूळ निवडता निवडता, आपणहून सांगू लागली.

"तू गया तवय नाना जागाच व्हता."

मी म्हणालो, डोळे मिटलेले होते.

"मिटेल व्हतात. जागा व्हता. तू ओसरी उतरना, आनि त्यानी गोधडी धरी लिन्ही. डावा हातमा. अशी धरी, का मी सोडाले गवू तरी सुटे ना. मोकयी करू का परत धरे, मोकयी करू का परत धरे. मंग आपोआप हात उघडना. आनि हासना, एक बाजूनी."

"किती वेळ धरली होती?" मी विचारलं.

"ते काय मी मोजी ऱ्हायंती का?" फुई म्हणाली आणि ताटातला खडा काढून बाजूला ठेवला.

मी उठून विहिरीवर गेलो. बुधादादा मोटेचा नाडा तपासत बसला होता. मी त्याला सरळच विचारलं, त्या रविवारी मी किती वेळा इथून गेलो?

"एकच येळ," तो म्हणाला. "तू उना, बठना, कागद काढात, काय तरी लिखं. मी इचारं, नानाले सांगं का. तू म्हने, नही सांगं. मंग गया."

"हाव म्हणालो नाही? आधी?"

"नही भाऊ." तो माझ्याकडे बघत राहिला. मग मीच काही विचारायच्या आत म्हणाला, "पन एक सांगू? त्या दिनले माले काही समजनं नही. तू गया तवय मी आठवा गोटा टाका. आठच. आनि दखं त पानी केळीना शेवटला आळालोंग पोची गयं व्हतं. चाळीस मोटनं पानी. आठमा कसं पोचनं? मी बैल सोडात, काय करतू."

मी केळीकडे पाहिलं. आता तिथे काही दिसणार नव्हतंच, तरी पाहिलं. बैल उन्हात रवंथ करत उभे होते.

तर असा हा प्रकार. बुधादादा दोन-तीन वर्षांनी गेला, फुई त्यानंतर. विहिरीवर इंजिन आलं, नंतर ती बुजवली. मॅन्युअलची सायक्लोस्टाइल प्रत माझ्याकडे आहे, एकविसात सतराच छापलंय. थकवा होता, झोप नव्हती, अपराधी वाटत होतं, ही कारणं मला सुचतात. तुम्ही सुचवायच्या आधी मीच पन्नास वेळा सुचवून झालोय. मनाचा खेळ म्हणून माझ्या फेऱ्या सोडून देईन. पण बुधादादाचं पाणी माझ्या मनात नव्हतं, ते आळ्यात होतं. आणि चाळीस मोटांचं पाणी खरं मानलं, तर माझं घड्याळ पंधरा मिनिटांवर कसं?

आमच्या कामात एक नियम आहे. चूक शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर दुरुस्ती कशाने झाली ते कळत नाही. मी त्या दुपारी दोन बदलल्या. पानावरचा आकडा बरोबर केला आणि बुधादादाला खरं सांगितलं. वाट कशाने मोकळी झाली? आकड्याने झाली असेल, तर खाटेवर नानांचा हात कशाने उघडला? खरं बोलण्याने झाली असेल, तर ते ऐकलं कुणी? नानांनी मला सोडलं, की मी सुटलो? हे सगळं मी उलटसुलट लावून पाहिलंय, आणि प्रत्येक वेळी पुन्हा सात गोट्यांवर येतो. मला स्पष्टीकरण माहीत नाही.

एकाच गोष्टीचं माहीत आहे. इतक्या फेऱ्या मारल्या, चपला उलट्या घातल्या, पण घरी परतून नानांना सांगून यावं, हे मला एकदाही सुचलं नाही. चढावर उभा होतो तेव्हा सुचलं. रस्ता मोकळा होता, घर मागे वीस-पंचवीस मिनिटांवर होतं, आणि नाना जागे होते. पण गाडी दिसत होती.